खदानीतला बारीक आवाज

डिसेंबरच्या थंडीत कूलर लावून झोपणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला. कूलरमध्ये पाणी नाही, खिडक्या बंद, अंगावर वाकळ, कानाला मफलर, आणि उशाशी पत्र्याचा कूलर रात्रभर घरघरतोय. मामींनी, म्हणजे या मामांच्या बायकोनं, मला हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा वाटलं, बाई माझी फिरकी घेतायत. मग संक्रांतीला तिळगूळ द्यायला गेले आणि डोळ्यांनीच बघितलं. मामा दुपारची डुलकी काढत होते आणि कूलर चालू होता. मी मामींकडं बघितलं. मामींनी कपाळाला हात लावला आणि चहा टाकायला आत गेल्या.

गाव त्यांना ऑपरेटर म्हणायचं. तामलवाडीजवळ, सोलापूर रस्त्यापासून जरा आत आमचं गाव, आणि गावाला लागून दगडाची खदान. खदानीत खडीचं क्रशर होतं आणि मामा त्या क्रशरवर ऑपरेटर. मिसरूड फुटल्यापासून चिकटले ते क्रशर बंद पडेपर्यंत. मी गावच्या झेडपी शाळेत रुजू झाले तेव्हा क्रशर बंद होऊन गेलेलं होतं, त्यामुळं त्यांना काम करताना मी कधी बघितलं नाही. मी त्यांना मामा म्हणायचे, ते मला बाई म्हणायचे. मागच्या उन्हाळ्यात ते गेले. माझी तर त्याआधीच लोहाऱ्याला बदली झाली होती. पण आजही कुणी त्यांच्याबद्दल विचारलं की मी गडबडते. वेडा म्हणावं तर जीभ रेटत नाही, शहाणा म्हणावं तर ग्रीसचा डबा आठवतो. ग्रीसचं पुढं सांगते.

आधी खदानीचं सांगायला पाहिजे. रस्ता चौपदरी झाला, खडीची गरज संपली, मालक यंत्रं उचलून चालता झाला. मागं उरला खोल खड्डा, खडी फोडताना पडणाऱ्या भुकटीचा डोंगराएवढा ढीग आणि क्रशरची मोटार जिथं बसवलेली असायची तो सिमेंटचा ओटा. खड्ड्यात पाणी साठलं. मग सोलापूरची एक संस्था आली, गावानंही हात लावला, झाडं लागली, पायवाट झाली, फाटक बसलं. कड्याच्या भेगांत पाकोळ्या आल्या, पाण्यावर खंड्या आला, आणि ज्या भुकटीवर गवताची काडी उगवणार नाही असं सगळे छातीठोकपणे सांगत होते, तिथं तरवड पिवळाधमक फुलला. संस्थेनं दर रविवारी सकाळी ‘शांत फेरी’ सुरू केली. मोबाईल बंद करायचा, हळू चालायचं, बोलायचं नाही, एका जागी बसून जे दिसतं ते बघायचं आणि जे ऐकू येतं ते ऐकायचं. झालं. एवढ्यासाठी सोलापूरहून, कधी उमरग्याहून, माणसं पेट्रोल जाळून का येतात हे मला पहिले कित्येक महिने समजलं नाही. आमच्या गावात कुणी शांत बसलेलं दिसलं की लोक विचारतात, बरं वाटत नाही का.

मला यात ओढलं संस्थेच्या सरांनी. सर निवृत्त प्राध्यापक, फार गोड बोलणारे. गावातलं कुणीतरी जबाबदार माणूस हवं म्हणाले. मी म्हटलं, सर, मला झाडांतलं ओ की ठो कळत नाही, बाभूळ कुठली आणि हिवर कुठला ते काटा टोचल्यावरसुद्धा सांगता येत नाही. सर म्हणाले, उत्तम, कोरं मन हवंच आहे. तर पाहुण्यांना फाटकातून आत आणायचं, चपला कुठं काढायच्या ते सांगायचं आणि पाण्याच्या कडेला कुणाला जाऊ द्यायचं नाही, हे काम माझ्या गळ्यात पडलं.

मामांना मात्र कुणीच बोलावलं नव्हतं. रोपं लावायला पहिले खड्डे घेतले त्या दिवशी ते पहार घेऊन आपले आपण हजर झाले, आणि मग रोजच यायला लागले. पगार नाही, पद नाही. तुम्ही कोण म्हणून कुणी विचारलं, तर एकच सांगायचे, हा डोंगर म्या खाल्लाय. एसटीतून सोलापूरला जाताना खिडकीतून खाली रस्त्याकडं बोट दाखवून शेजारच्याला सांगायचे म्हणे, ही खडी आमच्या हितली हाय. ते अभिमानानं म्हणायचे की खंतावून, ते मामींनाही कधी उमगलं नाही, मला तर काय उमगणार.

क्रशरनं त्यांचे कान घेतले होते. समोरचा काय बोलतो ते त्याच्या ओठांवरून ओळखायचे आणि स्वतः मात्र क्रशर अजून चालू असल्यासारखे ओरडून बोलायचे. शांत फेरी सुरू झाली की ‘बोलायचं न्हाय’ असं ते एवढ्या मोठ्यांदा ओरडायचे, की पलीकडच्या माळावर शेळ्या राखणारी बाईसुद्धा दचकून गप्प व्हायची. त्यानंतर सगळा कारभार हातांनी. क्रशरवर आवाजात बोलणं ऐकू येत नाही म्हणून तिथल्या माणसांच्या खुणा ठरलेल्या असतात. बोट गोल फिरवलं की चालू, पंजा खाली दाबला की हळू, मनगटं एकमेकांवर आडवी धरली की बंद. त्याच खुणांवर मामा पाहुण्यांना चालवायचे आणि थांबवायचे. पाहुण्यांना वाटायचं ही ध्यानाची काहीतरी जुनी पद्धत आहे. एक बाई तर डोळे मिटून, मनगटं आडवी धरून, बराच वेळ दीर्घ श्वास घेत बसल्या होत्या. मी पदर तोंडात कोंबून बाभळीआड गेले. तो हिवर पण असेल.

फेरी संपली की मामा सगळ्यांना मोटारीच्या ओट्यावर बसवायचे. मग एकेकाच्या समोर उकिडवं बसायचं, तोंडाकडं टक लावून बघायचं आणि विचारायचं, बारीक आवाज ऐकू यायलाय का?

हा आवाज म्हणजे काय ते त्यांनी मला कितीतरी वेळा समजावून सांगितलं होतं. बारीक, लांबलचक, मध्ये कुठं न तुटणारा. बेअरिंग सुकलं की निघतो तसा. क्रशर बंद पडलं, सगळं गाव म्हणालं सुटलो बाबा, आणि त्याच दिवसापासून मामांना हा आवाज यायला लागला. तो आवाज खदानीत आहे की आपल्या डोक्यात आहे, एवढं एकच त्यांना माहीत करून घ्यायचं होतं. त्यासाठी ते दर रविवारी परक्या माणसांपुढं उकिडवं बसत होते. स्वतःच्या कानांवर त्यांचा भरवसा राहिला नव्हता, म्हणून दुसऱ्यांचे कान मागत फिरत होते.

मामींनी त्यांना हट्टानं सोलापूरला कानाच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरनं कानावर यंत्र लावून तपासलं आणि सांगितलं, कानाची नस कमजोर झालीय, आवाज आतूनच येतोय, सवय करून घ्या. मामींच्या दृष्टीनं विषय संपला. मामांनी बाहेर येऊन विचारलं, ह्या डॉक्टरनं खदान बघितलीय का? न बघता कसं काय सांगायलाय? मी एकदा धीर करून म्हटलं, मामा, घरीपण येतो ना आवाज, म्हणूनच कूलर लावता ना रात्री? तर म्हणाले, घर खदानीपासनं कितीसं लांब हाय, तितवर येत असंल की. घर खरंच लांब नव्हतं.

आता गंमत बघा. पाहुण्यांपैकी जवळजवळ सगळे ‘हो’ म्हणायचे.

सरांनी त्यांना आधीच कानात सांगून ठेवलेलं असायचं, वयस्कर गृहस्थ आहेत, त्यांचा मान ठेवा. पण ज्यांना सांगितलेलं नसायचं तेही हो म्हणायचे. ऐकायलाच म्हणून एवढ्या लांबून आलेली माणसं, मला काही ऐकू आलं नाही असं चारचौघांत कसं म्हणतील? एखादा चुकून नाही म्हणायचा. मग शेजारचा त्याला कोपरानं ढोसायचा आणि हा मान हलवून म्हणायचा, हां हां, आला आला, आता आला. एकजण म्हणाला रातकिडा आहे. एक इंजिनियर म्हणाले, पलीकडून विजेची मोठी लाइन गेलीय, तिच्या तारा वाजतायत. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ तर गहिवरून म्हणाले, हा विश्वाचा मूळ नाद आहे, तुम्ही भाग्यवान आहात. मामांनी माझ्याकडं वळून विचारलं, काय म्हणायलेत? मी त्यांच्या कानाशी ओरडून सांगितलं, भाग्यवान म्हणतायत तुम्हाला. मामा त्या गृहस्थांकडं असे बघत राहिले की मलाच कसनुसं झालं.

आणि कुणी जे काही म्हणेल त्याचा मामा आठवडाभर पिच्छा पुरवायचे. रातकिडा म्हटलं की सोमवारपासून एकेक झुडूप हलवून बघणार. विजेच्या तारा म्हटलं तेव्हा शाळा सुटल्यावर मला सोबतीला घेऊन माळावरच्या टॉवरखाली गेले. आम्ही दोघं तिथं उन्हात बसलो. तारा खरंच गुणगुणत होत्या, मला स्पष्ट ऐकू आलं. मला एवढा आनंद झाला, वाटलं सुटलं एकदाचं. मामांनी लोखंडाला कान लावला, बराच वेळ लावला आणि म्हणाले, ह्यो जाडा हाय, त्यो न्हाय. उठले, धोतर झटकलं आणि चालायला लागले. त्यांना कमी ऐकू येतं म्हणावं तर जाडा आणि बारीक कसं कळलं, का नुसतं लोखंडाचं थरथरणं कळलं, याचा विचार करत मी मागून गेले.

मग कुणीतरी म्हणालं, फाटक करकरत असेल. झालं, मामा ग्रीसचा डबा घेऊन आले. फाटकाच्या बिजागऱ्या झाल्या, बोर्डाचे नटबोल्ट झाले, बाकाचे सांधे झाले, जमिनीत अर्धी रुतलेली एक गंजकी पुली होती तीसुद्धा त्यांनी उकरून ग्रीसनं माखली. पुढच्या रविवारी सोलापूरच्या एक बाई इरकल नेसून आल्या आणि त्याच बाकावर बसल्या. सरांनी सगळा राग माझ्यावर काढला. मी तो तसाच मामांकडं नेला. तर मामा शांतपणे म्हणाले, सुकं लोखंड वरडतंय बाई, त्याला दिल्याबिगर गप बसत न्हाय. लुगडं रॉकेलनं निघंल म्हणाव.

मला खरी कोड्यात टाकणारी गोष्ट वेगळीच होती. एवढ्या आशेनं विचारणारा माणूस, समोरचा हो म्हणाला की खूश व्हायला पाहिजे की नाही? चला, आपलं डोकं ठिकाणावर आहे, आवाज बाहेरच आहे, डॉक्टर खोटा. पण मामांचा चेहरा उतरायचा. चहा घ्यायचे नाहीत. पाण्याच्या कडेला जाऊन पाठ करून उभे राहायचे. आणि दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना बघावं तर पहार घेऊन नवे खड्डे खोदताना दिसायचे. एका मोठ्या फेरीत सगळेच्या सगळे हो म्हणाले, त्या आठवड्यात त्यांनी कड्याखालचा अख्खा उतार रोपांनी भरून टाकला. मी विचारलं, आणखी कशाला? तर म्हणाले, अजून पायजेत, ह्येवढ्यानं भागंना.

मी सरांना म्हटलं, सर, हे बरोबर नाही, म्हाताऱ्या माणसाला खोटं का सांगायचं? सर म्हणाले, ऐकू येणं ही फार व्यक्तिगत गोष्ट असते बाई. हे वाक्य घेऊन मी घरी आले, भाकरी थापता थापता त्यावर विचार केला आणि मला त्यातलं काहीही कळलं नाही. उलट इतकी माणसं हो हो म्हणताना बघून एका रविवारी मलाच काहीतरी बारीक ऐकू आल्यासारखं झालं. घाबरून रात्री कानात कोमट तेल घातलं. सकाळी पुन्हा तसाच आवाज आला, बघते तर शेजारच्या घरातल्या कुकरची शिट्टी होती.

मला मात्र मामांनी तो प्रश्न कधी विचारला नव्हता. मी पाहुणी नव्हते, रोजचीच होते. मनातून मला त्याची धास्ती होती. विचारलं तर हो म्हणून त्यांचा चेहरा पाडायचा, की नाही म्हणून त्यांना डोक्यातून गेलेलं ठरवायचं? दोन्हीकडून मरण. म्हणून फेरी संपली की मी चपलांकडं पळायचे.

शेवटी तो रविवार आलाच. सोलापुरात लग्नाची मोठी तिथी होती, फेरीला कुणीच आलं नाही. सरांचा पण फोन आला, येत नाही म्हणून. मी फाटक लावून घरी निघाले होते, तेवढ्यात मामांनी आतून बोट गोल फिरवलं. म्हणजे चालू. मी एकटी होते तरी त्यांनी पूर्ण फेरी काढली. मला पंजा दाबून हळू चालवलं, तरवडापाशी थांबवलं, पळस फुलला होता तिथं बसवलं. बोलायचं न्हाय म्हणून ओरडले, आणि मी काही बोलतच नव्हते. मग ओट्यावर नेलं. मला कळलं आता काय होणार. मामा समोर उकिडवे बसले आणि माझ्या तोंडाकडं बघायला लागले.

“बाई, तुमी रोजच्या हाव. तुमी मला फशिवणार न्हाय. ऐकू यायलाय का?”

मी डोळे मिटले. खरं सांगायचं तर आयुष्यात पहिल्यांदाच मी त्या जागेत नीट ऐकलं. इतके दिवस मी चपलाच मोजत होते. बरंच काही ऐकू येत होतं, पण मामा म्हणत होते तसलं, बारीक आणि न तुटणारं, काही नव्हतं. मी पुन्हा ऐकलं. मनात आलं, हो म्हणून टाकावं, जगानं म्हटलंय, आपण कोण लागून गेलो. डोळे उघडले तर मामांचे डोळे माझ्या ओठांवर होते. खोटं बोलायला तोंडच उघडेना.

“नाही मामा.”

“नीट ऐका.”

“ऐकलं. नाही येत. काहीच नाही,” मी ओरडून सांगितलं.

मामा उकिडवे होते ते एकदम खालीच बसले. मला वाटलं, चक्कर आली. मी हात धरायला गेले तर त्यांनी माझा हात बाजूला केला.

“म्हंजी बंद हाय,” ते म्हणाले.

“काय बंद आहे?”

“क्रशर.”

मला काही समजेना. क्रशर बंद पडून किती काळ लोटला होता. त्याच्या जागी आम्ही बसलो होतो. मग मामा बोलायला लागले. पहिल्यांदाच हळू बोलत होते, स्वतःशीच बोलल्यासारखं. म्हणाले, ह्या आवाजानं गावाची झोप खाल्ली, बाया शिव्या द्यायच्या, तान्ही लेकरं दचकायची, आन् चालवणारा म्या. बंद पडलं तवा वाटलं सुटलो. पर कानात ऱ्हायलाच. मंग ज्याला विचारावं त्यो व्हय म्हणतंय. एवढी झाडं लावली, पाखरं आली, लांबून लांबून माणसं येऊन डोळे मिटून बसायलीत, आन् त्यांच्या बी कानात त्योच. मला वाटायचं, ह्या खड्ड्यातनं त्यो काय निघत न्हाय. आमी ह्या जागेचं केलं ते कायमचंच झालं.

आणि मी, लोक हो म्हणाले की त्यांचा चेहरा का उतरतो, याचं नुसतं नवल करत होते. मला एकदम रडू आलं. ते कशाचं होतं ते आजही नीट सांगता येणार नाही.

“पण मामा,” मी म्हटलं, आणि मला ते म्हणायला फार जड गेलं, “मग डॉक्टर म्हणाले तेच खरं. आवाज तुमच्या डोक्यात आहे.”

“असू द्या की,” मामा म्हणाले. “चालवला म्या, तर माझ्याच डोक्यात ऱ्हाणार. एकट्याचं हाय. माझ्यासंगं जाईल. खदानीत न्हाय न्हवं?”

“नाही.”

“बगा हां.”

“नाही मामा. अजिबात नाही.”

त्यांनी धोतराच्या सोग्यानं नाक पुसलं. मग ओट्यावर जरा सरकून माझ्या शेजारी आले आणि पुन्हा माझ्या ओठांकडं बघायला लागले.

“मंग हाय ते सांगा. काय काय ऐकू यायलंय?”

मी सांगायला सुरुवात केली. त्यांना ऐकू जावं म्हणून ओरडूनच सांगावं लागत होतं. वारं आहे म्हटलं. झाडाच्या वाळल्या शेंगा खुळखुळतायत, कुठलं झाड ते मला माहीत नाही. मामांनी मान हलवली, म्हणाले, पुढं. टिटवी ओरडतेय. पाण्यात काहीतरी डुबकलं, बेडूक असेल. लांब रस्त्यावर ट्रक गेला. माळावर शेळीच्या गळ्यातली घंटा वाजतेय. माझ्या ओरडण्यानं कड्यावरच्या पाकोळ्या उडाल्या होत्या, मी तेही सांगितलं.

“आणि एक पाखरू आहे,” मी ओरडले. “मला नाव येत नाही.”

“नाव ऱ्हाऊ द्या. कसं वरडतंय?”

मी इकडंतिकडं बघितलं. कुणी नव्हतं. मग झेडपी शाळेची बाई असून मी छाती भरून श्वास घेतला आणि त्या शांत खदानीत जीव तोडून ओरडले, टुक, टुक, टुक, टुक. मामा माझे ओठ बघत होते. त्यांनी तसेच ओठ करून बघितले. टुक, टुक. पुन्हा एकदा करून बघितलं.

“पुढं,” ते म्हणाले.